कासवांच्या कमाईतून छापलेली पुस्तकं

प्रश्न : माझा मुलगा लहानपणी टीव्हीवर निन्जा कासवांची कार्टूनं बघायचा. ती कासवं दोन मित्रांनी पदरचे पैसे घालून छापलेल्या कॉमिकमधून आली आणि त्यांतल्या एकाने पुढे आपली कमाई नवख्या चित्रकारांना वाटली, असं ऐकलं. हे खरं आहे का? माझी भाची कॉमिक्स काढते. पहिलं पुस्तक स्वतःच छापायचं आणि विक्रीतले काही पैसे एका संस्थेला द्यायचे, असं तिच्या मनात आहे. तिला सांगता येईल म्हणून विचारते आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली बऱ्याच जणांना माहीत असते, दुसरी फारशी कुणी सांगत नाही. मला दुसरी जास्त मोलाची वाटते.

1983 सालचा नोव्हेंबर. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर गावी केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड हे दोन तरुण चित्रकार एकत्र काम करत होते. एका संध्याकाळी ईस्टमनने मित्राला हसवायला म्हणून दोन पायांवर उभं राहिलेलं, हाती शस्त्र घेतलेलं कासव काढलं. लेअर्डने त्यात भर घातली. एकाची चार कासवं झाली आणि चाळिसेक पानांची कृष्णधवल गोष्ट तयार झाली. प्रकाशक शोधण्याच्या फंदात ते पडले नाहीत. ईस्टमनला प्राप्तिकराचा परतावा मिळाला होता, त्यात एका नातेवाइकाकडून घेतलेल्या उसन्या पैशांची भर पडली आणि त्यातून सुमारे 3000 प्रती निघाल्या. मे 1984 मध्ये जवळच्याच पोर्ट्समथ शहरातल्या एका छोट्या कॉमिक्स संमेलनात त्यांनी अंक विकायला मांडला.

तुमच्या भाचीने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट यापुढची आहे. छपाईवर खिसा रिकामा झाला म्हणून ते हात बांधून बसले नाहीत. कॉमिक्सचे दुकानदार जे व्यापारी साप्ताहिक वाचत, त्यात त्यांनी जाहिरात दिली. शिवाय पात्रांची ओळख आणि चित्रं असलेलं माहितीपत्रक तयार करून ते वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना धाडलं. एका वृत्तसंस्थेने बातमी उचलली, दुकानदारांची मागणी आली आणि पहिल्या प्रती पाहता पाहता संपल्या. लगेच पुनर्मुद्रण करावं लागलं. आपलं काम लोकांपुढे नेण्यात संकोच वाटणारे चित्रकार मी पुष्कळ पाहते. चित्र चांगलं असेल तर ते आपोआप पोचेल, अशी त्यांची समजूत असते. तसं ते पोचत नाही. कुणीतरी न्यावं लागतं, आणि सुरुवातीला ते कुणीतरी म्हणजे चित्रकार स्वतःच असतो.

दुसरी गोष्ट हक्कांची. 1938 साली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला विकले आणि पुढची कित्येक वर्षं त्यापायी झगडण्यात घालवली. ईस्टमन आणि लेअर्ड यांची कासवं मात्र त्यांचीच राहिली. म्हणून 1987 मध्ये टीव्ही मालिका सुरू झाली, मग खेळणी आली, 1990 मध्ये चित्रपट आला, तेव्हा पैसा या दोघांच्या घरी आला.

आता त्या पैशांचं काय झालं ते पाहू. दोघांनाही आपल्यासारख्या धडपड्या चित्रकारांसाठी काहीतरी करायचं होतं. 1988 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दम्प्टन गावी काही स्वतंत्र चित्रकार जमले आणि आपल्या हक्कांची सनदच त्यांनी लिहून काढली. त्यात हे दोघे होते. पुढे ईस्टमनने टन्ड्रा नावाची प्रकाशनसंस्था काढली आणि चित्रकारांना सढळ हाताने आगाऊ रकमा दिल्या. कॉमिक्स कशी वाचली जातात हे कॉमिकमधूनच समजावणारं स्कॉट मक्लाउड यांचं गाजलेलं पुस्तक 1993 मध्ये तिथूनच आलं. पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि काही वर्षांतच कोट्यवधी डॉलर बुडून संस्था बंद पडली. हेतू उदार होता, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

लेअर्डने 1992 मध्ये झेरिक फाउंडेशन स्थापन केलं. त्याची रीत अगदी साधी होती. अमेरिका किंवा कॅनडातल्या चित्रकाराने आपल्या कॉमिकची पानं आणि छापखान्याचा अंदाजी खर्च जोडून अर्ज करायचा. काम पसंत पडलं की छपाईसाठी पैसे मिळत. ते परत करायचे नसत आणि पुस्तकाच्या हक्कांत फाउंडेशनचा वाटा नसे. अट एकच, पुस्तक चित्रकाराने स्वतः प्रकाशित करायचं. याच फाउंडेशनचा दुसरा हात पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या धर्मादाय संस्थांना मदत करत होता.

मला या योजनेचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं, की छापखान्याचं बिल भागवायला सहसा कुणी पुढे येत नाही. पुरस्कार छापून झालेल्या पुस्तकाला मिळतो, शिष्यवृत्ती शिकणाऱ्याला. पानं तयार आहेत, छापखानेवाला आगाऊ रक्कम मागतो आहे आणि बँकेत काही नाही, या टप्प्यावर किती चांगली पुस्तकं कपाटात राहत असतील! लेअर्ड स्वतः त्या टप्प्यातून गेला होता, म्हणून त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. जीन लुएन यांग यांना 1997 मध्ये असं अनुदान मिळालं. 2006 मध्ये त्यांचं ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराच्या अंतिम यादीत गेलं, आणि त्या यादीत चित्रकादंबरी येण्याची ती पहिलीच वेळ. कॅनडाच्या जेफ लेमायर यांचं ‘लॉस्ट डॉग्ज’ही झेरिकच्या मदतीने निघालं. ‘स्वीट टूथ’ ही वेबमालिका ज्या कॉमिकवरून निघाली, ते यांचंच. जेसिका एबल, मेगन केल्सो, टॉम हार्ट, डेरेक कर्क किम अशी आणखी कितीतरी नावं सांगता येतील.

2011 मध्ये लेअर्डने जाहीर केलं की चित्रकारांची अनुदानं आता थांबवणार. इंटरनेटवर जवळपास फुकटात काम प्रसिद्ध करता येत असल्यामुळे गरज बदलली, असं त्याचं म्हणणं होतं. 2012 मध्ये शेवटची अनुदानं देऊन उरलेला निधी धर्मादाय संस्थांकडे वळवायचं ठरलं. मला हा निर्णय तेवढा पटत नाही. पडद्यावर वाचक मिळतात हे खरं, पण कागदावरच्या पुस्तकाचा खर्च काही त्यामुळे कमी होत नाही.

आता भाचीबद्दल. तिचा विचार फार चांगला आहे, तो तिने सोडू नये. फक्त मुखपृष्ठावर ‘नफ्यातला काही भाग संस्थेला’ असं लिहू नये. पहिल्या पुस्तकात नफा क्वचितच उरतो, आणि ‘काही भाग’ म्हणजे किती ते वाचकाला कळत नाही. त्याऐवजी ‘प्रत्येक प्रतीमागे वीस रुपये’ असा आकडा आणि संस्थेचं नाव स्पष्ट छापावं. ती रक्कम कागद, छपाई आणि टपालाबरोबर खर्चातच धरून मग किंमत ठरवावी, म्हणजे पुस्तक तोट्यात गेलं तरी शब्द पाळता येईल. नाव वापरण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. पुस्तकासाठी आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे शुल्क न भरता मिळतो, तो घ्यावा. दिवाळीच्या सुमारास पुस्तक प्रदर्शनांत टेबल मिळत असेल तर तिने तिथे स्वतः बसावं, कारण चित्रकाराने समोर सही करून दिलेली प्रत लोक आनंदाने घेतात. कुणी प्रकाशक पुढे आलाच तर करारावर सही करण्याआधी पात्रांचे हक्क कुणाकडे राहतात ते कलम आधी वाचावं. आणि संस्थेला पैसे पोचले की त्या पावतीची प्रत पुढच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर छापावी.