धृती कशाला धरून बसलीय?



आजचा अभ्यास: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३, ३४ आणि ३५. पुस्तक जवळ असेल तर तिन्ही श्लोक आधी एकदा मोठ्याने वाचा, मग पुढे या. लोकलमध्ये असाल तर मनात वाचा, चालेल.

या तीन श्लोकांत भगवंत धृतीचे तीन प्रकार सांगतात. धृती म्हणजे धैर्य किंवा चिकाटी, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण मूळ धातू ‘धृ’, म्हणजे धरणे. धृती ही धरून ठेवण्याची ताकद. आपण मराठीत ‘धीर धर’ म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो.

हे श्लोक आपल्या क्रमात आज आले, आणि माझ्यासाठी अगदी वेळेवर आले. पाच आठवड्यांनी गोव्याला माझी ट्रायथलॉन आहे. पैसे भरलेत, तिकीट काढलंय, आणि मला जायची जराही इच्छा उरलेली नाही.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला झाली. ७०.३ हा मैलांचा आकडा, आपल्या हिशोबाने ११३ किलोमीटर: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. एकापाठोपाठ एक, घड्याळ न थांबता. ओले कपडे सावरून बूट घालण्याचा वेळही त्यातच मोजतात. नाव मी जानेवारीत नोंदवलं तेव्हा पोटात फुलपाखरं होती. मे महिन्यात बाबा गेले. त्यानंतर सराव कागदावर चालू आहे, पण मन त्यात नाही.

तर आता श्लोक.

याच अध्यायात थोडं आधी, २६व्या श्लोकात, सात्त्विक कर्त्याचं वर्णन आहे. त्याच्याजवळ धृती आणि उत्साह असतात असं म्हटलंय. दोन्ही शब्द जोडून आलेत, पण क्रम पाहा: धृती आधी. आणखी एक गोष्ट मला काल रात्री वहीत टिपणं काढताना दिसली. ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती, सुख, या सगळ्यांचे तीन-तीन प्रकार या अध्यायात सांगितलेत. उत्साहाचे सांगितलेले नाहीत. ज्याला आपण दिवसभर ‘मोटिव्हेशन’ म्हणून शोधत असतो, त्याची भगवंतांनी वेगळी चौकशीच केली नाही! मी याचा अर्थ असा लावते: उत्साह येतो नि जातो, त्याला प्रश्न विचारून उपयोग नाही. धृतीला मात्र विचारता येतं, कारण तिने नेहमी काहीतरी धरलेलं असतं.

३४वा श्लोक राजसी धृतीचा. फळाची इच्छा धरून माणूस धर्म, काम, अर्थ घट्ट पकडतो. आपली नावनोंदणी याच धृतीने होते हे मान्य करूया. मेडल, फिनिश लाइनचा फोटो, ऑफिसातल्या लोकांचं ‘बाप रे, तू?’. मला यात काही वाईट वाटत नाही, त्याशिवाय कोण स्वतःहून असले पैसे भरेल? अडचण एवढीच की फळ लांब गेलं की पकड ढिली होते. जानेवारीतलं मेडल ऑगस्टच्या पावसात दिसेनासं होतं, आणि मग आपण म्हणतो, ‘माझ्यात चिकाटीच उरली नाही.’

३५वा श्लोक हे वाक्य खोडून काढतो. तामसी धृती कमजोर असते असं भगवंत म्हणत नाहीत. उलट, तिची पकड फार घट्ट आहे. ती पाच गोष्टी काही केल्या सोडत नाही: झोप, भय, शोक, विषाद आणि मद. म्हणजे पहाटे साडेचारला गजर बंद करून चादर पुन्हा अंगावर ओढणारा हातही धृतीचाच. ताकद तीच आहे, फक्त धरलेली वस्तू दुसरी आहे. हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं. संपलेली गोष्ट कुठून आणायची हा प्रश्न वेगळा, आणि हातातली गोष्ट कोणती हे बघणं वेगळं.

म्हणून मी त्या पाचांची यादी वहीत घातली आणि एकेकासमोर लिहीत गेले.

झोप. मी कॉटन ग्रीनला राहते. डोक्यावरून फ्री वे जातो, शेजारच्या शिवडीहून अटल सेतू सुरू होतो, आणि दोन्हीवर सायकलला बंदी. बंदराकडच्या रस्त्यांवर पहाटेचा एक तास मिळतो, मग ट्रेलर सुरू होतात आणि तो रस्ता आपला राहत नाही. त्यामुळे इथे ‘संध्याकाळी करू’ हा पर्यायच नाही. झोपेपुढे मी एवढंच लिहिलं: रात्री साडेनऊला फोन दुसऱ्या खोलीत.

भय. तलावात दर ५० मीटरवर भिंत असते. ३८ लेंग्थ म्हणजे १.९ किलोमीटर, पण प्रत्येक लेंग्थनंतर हात टेकतो. समुद्रात भिंत नाही. ट्रायथलॉनचा एक नियम मला इथे फार आवडतो. दमलात तर पाण्यातल्या मदतीच्या कयाकला धरून थांबता येतं, त्यासाठी कुणी बाद करत नाही. फक्त त्याला धरून पुढे सरकायचं नाही. माझ्या भीतीचं निम्मं वजन या एका नियमाने उतरतं.

शोक. इथे पेन थांबलं.

बाबा माथाडी कामगार होते. आमच्या स्टेशनाला कॉटन ग्रीन नाव ज्या कापसामुळे मिळालं, त्याच्या गाठी गोदामात चढवण्या-उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. (हे नाव आधी कुलाब्याच्या कापूसबाजाराचं. बाजार इकडे आला तसं नावही आलं. आता कापूस फारसा राहिला नाही, नाव मात्र टिकून आहे. काय धृती म्हणायची!) कापसाची एक गाठ १७० किलोची. बाबा सांगायचे, ‘जोर नंतर लाव बाळा, आधी पकड बघ. पकड सुटली तर गाठ पायावर.’ संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन हरिपाठ. आज मन आहे का, असं त्यांनी कधी स्वतःला विचारलेलं मी पाहिलं नाही. कधी आवाज खणखणीत असायचा, कधी अर्ध्या झोपेत पुटपुटणं. तरी हरिपाठ पुरा व्हायचा.

रविवारी मी लांबचं धावून आले की ते दारात लिंबूपाणी घेऊन उभे असायचे आणि ‘किती झालं?’ एवढंच विचारायचे. आता तो प्रश्न विचारणारं कुणी नाही. खरं सांगते, धावायला जाणं अवघड नाही, परत येणं अवघड आहे.

श्लोकात शोक वाईट आहे असं लिहिलेलं नाही. शोक न सोडणारी धृती तामसी आहे, असं आहे. यातला फरक मी चार महिने शोधतेय. आज एवढंच लिहू शकले: बाबांना धरून राहणं आणि त्यांच्या नसण्याला धरून राहणं या दोन गोष्टी आहेत. हरिपाठ, पकड, ‘किती झालं?’ हे पहिल्यात येतं. दारापाशी येऊन जिन्यातच पंधरा मिनिटं बसून राहणं दुसऱ्यात. रोज पहिलंच जमेल असं मी म्हणत नाही.

विषाद. ‘काय उपयोग आहे’ हे वाक्य. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा आहे, आणि तिथे अर्जुनाचं काय होतं आठवा: गांडीव हातातून निसटतं. पकड सुटते. आता शेवटच्या अध्यायाचा शेवटचा, ७८वा श्लोक उघडा. संजय अर्जुनाला तिथे धनुर्धर म्हणतो, धनुष्य धरणारा. त्यात पुन्हा तोच ‘धृ’. मधल्या सतरा-अठरा अध्यायांत बाहेरचं काही बदललेलं नाही. सैन्य तेवढंच, समोरची माणसं तीच, युद्ध अजून व्हायचंच आहे.

मद. हा मला यादीत परका वाटला होता. इच्छा नसताना कसला मद? पण बघा, ‘मागच्यापेक्षा वेळ जास्त लागला तर जाऊच कशाला’ हे कोण म्हणतं? स्ट्राव्हावर हळू आकडा दिसू नये म्हणून घड्याळच न लावणं? मंदपणाच्या पोटात बऱ्याचदा मद लपलेला असतो.

मदाची दुसरी बाजू याहून धोक्याची आहे, म्हणून २५व्या श्लोकावरही थांबूया. परिणाम, हानी, हिंसा आणि आपली कुवत न बघता मोहाने सुरू केलेलं कर्म तामस, असं तिथे सांगितलंय. ‘काही झालं तरी रेस करणारच’ हे दर वेळी शौर्य नसतं. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा बरेच दिवस जलद लागतेय, झोप येत नाही, वारंवार सर्दी-ताप येतोय, मुलींची पाळी चुकतेय, तर ती इच्छेची कमतरता नाही, शरीर थकलंय. तिथे सराव कमी करणं हीच धृती. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, नुसत्या स्पर्धेत नव्हे, जेवणात, माणसांत, नामातही, तर डॉक्टरांकडे जा. श्लोक वाचत बसू नका, तो नंतरही वाचता येईल. हवाईमध्ये १८ फेब्रुवारी १९७८ ला पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण उतरले होते, १२ जणांनी ती पूर्ण केली. उरलेले तिघेही त्या सकाळी पाण्यात उतरलेच होते. मी स्वतः डॉक्टरांना भेटून आले. शरीर ठीक आहे, दुःख आहे, आणि जायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

आता ३३वा, सात्त्विक धृतीचा. ती काय धरते? मन, प्राण आणि इंद्रियांच्या क्रिया. मेडल नाही, फोटो नाही. अगदी हाताशी असलेल्या तीन गोष्टी. आणि या स्पर्धेचे नियमही माणसाला तिथेच आणून सोडतात. कानात गाणी लावायला बंदी. सायकलवर पुढच्या स्पर्धकापासून १२ मीटर अंतर ठेवायचं, त्याच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही. ओळखीचं माणूस सोबत धावत येऊ शकत नाही. जोर देणारं बाहेरचं सगळं काढून घेतलं की उरतो आपला श्वास.

पोहताना मी तीन हातांनंतर एक श्वास घेते. गेल्या मंगळवारी दादरच्या तलावात इच्छा नसतानाच उतरले आणि सहज सुरू केलं: पहिल्या हाताला राम, दुसऱ्याला कृष्ण, तिसऱ्याला हरी, आणि तिथे श्वास. पहिल्या दहा लेंग्थ कंटाळाच होता. मनात ऑफिसचं चालू, मग घरचं, मग पुन्हा नाम. उत्साह आला का? नाही आला. पण ३८ लेंग्थ झाल्या, आणि मध्ये कुठेतरी ‘जायचं की नाही’ हा प्रश्न विचारायला जागाच राहिली नाही.

सहाव्या अध्यायाच्या २५व्या श्लोकात पुन्हा धृती येते. तिथे मन हळूहळू शांत करायला सांगितलंय. घाई नाही. म्हणून उरलेल्या पाच आठवड्यांचं माझं वेळापत्रक मी लहान केलंय. मंगळवार-शुक्रवार पोहणं, बुधवारी आणि शनिवारी सायकल, शनिवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या वीस मिनिटं धावणं (तेव्हा पाय शिशाचे होतात, त्याची सवय करावीच लागते), रविवारी लांबचं धावणं. वेळ लिहायची नाही, ‘झालं’ एवढंच लिहायचं. रविवारी परत आल्यावर जिन्यात बसायचं नाही. आईला सांगून ठेवलंय, तिने दार उघडून ‘किती झालं?’ विचारायचं. ती म्हणाली, ‘मला नाही बाई तुझ्या किलोमीटरमधलं काही कळत.’ म्हटलं, बाबांना तरी कुठे कळत होतं.

तुमच्यासाठी आजचं काम: ३५व्या श्लोकातली पाच नावं वहीत लिहा आणि ज्या कामाचा सध्या कंटाळा आलाय ते त्यांच्यासमोर ठेवा. अभ्यास असेल, नोकरी असेल, जप असेल. पाचांपैकी पकड कुठे आहे ते बघा. कमेंटमध्ये लिहायलाच हवं असं नाही.

उद्या श्लोक ३६ ते ३९, सुखाचे तीन प्रकार. ३७वा आधी वाचून या.

राम कृष्ण हरी.