हार्ड डिस्कचा सातबारा

मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकाविषयी लिहिण्याचा याला अधिकार काय, असे वाचक म्हणतील. परंतु एका प्रसंगाने हा अभ्यास करणे मला भाग पडले.

आम्ही तिघा मित्रांनी धडगाव परिसरातील वडीलधाऱ्यांची पावरी गाणी चित्रित केली होती. त्यांत माझ्या आजीचीही होती. आजी आता नाही. ही गाणी ३ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर होती. ती एका जुन्या संगणकाला जोडली, तर पडद्यावर फक्त ७४६ गीगाबाइट दिसले आणि डिस्क नव्याने तयार करायची काय, असा प्रश्न आला. माझे बोट ‘होय’वर गेलेच होते.

असे का झाले? हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात. त्यांवरील वर्तुळांचे तुकडे म्हणजे सेक्टर; एकात परंपरेने ५१२ बाइट धरतात. पूर्वी सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड व सेक्टर अशा तीन अंगांनी सांगत. जसे तालुका, गाव, घर. त्यासाठी १०, ८ व ६ बिट राखलेले असत. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड व ६३ सेक्टर. गुणाकार सुमारे ८.४ अब्ज बाइट; त्यापुढे पत्ताच संपे. म्हणून सर्व सेक्टरांना शून्यापासून ओळीने क्रमांक देण्याची पद्धत आली. आपल्या जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा अंकांत गाव वा घर नसते, तसेच हे.

आता वाटणीकडे वळू. डिस्कचे भाग कोठे सुरू होतात व केवढे आहेत, याची नोंद पहिल्या सेक्टरात ६४ बाइटांत असते: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. हाच डिस्कचा सातबारा. १९८३ पासूनच्या या तक्त्यात क्रमांकासाठी ३२ बिट आहेत. त्यांत सुमारे ४२९ कोटी सेक्टर, म्हणजे २.२ टेराबाइट मावतात. जुन्या संगणकाची मोजणीही तेवढ्यावरच थांबते आणि स्कूटरच्या मीटरप्रमाणे पुन्हा शून्यावर येते. ३ टेराबाइटमधून २.२ वजा जाता उरलेले सुमारे ८०० अब्ज बाइट, म्हणजेच १०२४ च्या हिशेबाने ते ७४६ गीगाबाइट!

जीपीटी या नव्या तक्त्यात ६४ बिटांचे क्रमांक असतात, नोंदी साधारणतः १२८ असतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. आमच्या डिस्कवर हाच तक्ता होता. जुन्या संगणकाला तो वाचता येत नव्हता, इतकेच.

सातबारा हरवला म्हणून शेत नाहीसे होत नाही. परंतु चुकीचा उतारा खरा मानून कोणी नांगर घातला, तर उभे पीक जाते. ‘होय’ म्हणण्यात धोका होता तो हाच.

मी ‘नाही’ म्हटले. डिस्क नव्या संगणकाला जोडली; सर्व गाणी जागेवर होती. त्याच दिवशी आम्ही त्यांची दुसरी प्रत केली. माझ्या वाचकमित्रांनीही आपापल्या घरच्या ठेव्याची अशी प्रत आजच करावी, एवढीच विनंती.