गिळलेला जंतू मरतो कशाने?

प्रश्न : पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, हे शाळेत शिकलो. पण गिळल्यावर त्याला मारते कोण?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नुसते गिळून जंतू मरत नाही. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी त्याला एका पिशवीत कोंडते आणि तीत प्रथिनांची पोतडी रिकामी करते. डिफेन्सिन जंतूच्या पटलाला भोके पाडते, लायसोझाइम भिंत पोखरते, इलास्टेज त्याची प्रथिने चिरते. मायलोपेरॉक्सिडेज तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइडपासून चक्क ब्लीचच्या जातीचे आम्ल बनवते. (पुवाची हिरवट झाक बहुधा याच प्रथिनाची; गडद निळा-हिरवा पू मात्र स्यूडोमोनास जंतूचा असू शकतो.)

मग खरा मारेकरी ब्लीच? तसे असते तर मायलोपेरॉक्सिडेज जन्मतः नसलेली बहुतेक माणसे ठणठणीत राहिली नसती. उलट पेरॉक्साइडचा उगम असलेले ऑक्सिडेज बिघडले, की मुलाला वारंवार गळवे, न्यूमोनिया होतो. हा क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत रक्त तपासून ओळखतात. म्हणजे सारे श्रेय ऑक्सिडेजचे, असा आक्षेप येईल. पण इलास्टेज आणि त्याच्यासारखेच प्रथिने चिरणारे कॅथेप्सिन-जी दोन्ही नसलेले उंदीर ऑक्सिडेज शाबूत असूनही स्टॅफिलोकोकस जंतूपुढे दुबळे ठरले. माझ्या मते ऑक्सिडेज पिशवीतले वातावरण पालटून या प्रथिनांना धार लावते. नेमके कसे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.