भाड्याच्या घरातली ओल

भाड्याच्या घरातील ओल हा आधी पाण्याचा प्रश्न असतो, मग भिंतीचा आणि सर्वांत शेवटी रंगाचा. ठाण्याच्या नौपाड्यात तो बहुधा उलट्या टोकाकडून हाताळला जातो. गणपती तोंडावर आले की काळे डाग खरवडायचे, पुट्टी भरायची आणि वरून रंगाचा हात द्यायचा. दिवाळीपर्यंत भिंत बरी दिसते. पुढच्या जुलैत डाग त्याच जागी, थोडा पसरून, पुन्हा उमटतो. खर्च भाडेकरूचा होतो आणि गळतीचा पुरावाही त्याच्याच हाताने पुसला जातो. मग ‘गेल्या वर्षी तर काहीच नव्हते’ असे म्हणायला घरमालक मोकळा. म्हणून खरवडण्याआधी फोटो काढावेत, डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून तिच्यावर तारीख घालावी. रेघेबाहेर सरकलेला डाग कोणत्याही तक्रारीपेक्षा जास्त बोलतो.

पाणी कुठून येते, हे ओल केव्हा दिसते त्यावरून बरेचसे कळते. पाऊस लागल्यावरच भिंत भिजत असेल तर वाट गच्चीतून, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगांतून किंवा खिडकीवरच्या छज्ज्याच्या सांध्यातून असते. एप्रिलच्या उन्हातही डाग ओलाच असेल तर वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, मोरी किंवा भिंतीत गाडलेला पाइप तपासावा. वरच्यांनी संमती दिली तर दोन-तीन दिवस त्यांची मोरी बंद ठेवून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. अडचण असते ती संमतीची. जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेली आणि वरच्या कडेला पांढरा खार फुटलेली ओल तळमजल्याची. ती विटांनी पायातून शोषलेली असते. नौपाड्यात रस्त्यांवर थरावर थर चढत गेले, त्यामुळे कित्येक जुन्या इमारतींचे जोते रस्त्याच्या पातळीला आले. वंदना टॉकीजच्या परिसरात जोराच्या सरीत पाणी साचते, तेव्हा अशा भिंतींना प्यायला आणखी मिळते. अशा भिंतीवर ऑइलपेंट लावला, टाइल्स बसवल्या किंवा पीव्हीसीचे पॅनल ठोकले तर पाणी थांबत नाही, फक्त आणखी वर चढते.

चौथा प्रकार हवेतल्या बाष्पाचा. पोपडे नसतात, कपाटामागे, कोपऱ्यात, छताच्या कडेला काळे ठिपके आणि कुबट वास असतो. शंका असेल तर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले तर पाणी भिंतीतले, बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीतले.

बाष्पावर ‘खिडक्या उघडा’ हा सल्ला थंड देशांतून आला आहे. जुलैत ठाण्याची बाहेरची हवाच ओलीचिंब असते, तेव्हा नुसती खिडकी उघडून भिंत वाळत नाही. पंखा चालू ठेवणे, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि कपडे एकाच खोलीत, चालत्या पंख्याखाली वाळवणे याचा उपयोग जास्त. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील योजनेतल्या १६० चौरस फुटांच्या घरात एवढेही जमत नाही. तेथे स्वयंपाक, आंघोळ, कपडे आणि झोप यांची वाफ एकाच हवेत मिसळते. अशा वेळी दोष राहणाऱ्याच्या सवयींवर ढकलणे सोपे असते. ब्रिटनमधील रॉचडेल येथे सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. दीर्घकाळ बुरशीच्या सान्निध्यात राहिल्याने त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. आईवडिलांच्या तक्रारी कुटुंबाच्या राहण्याच्या पद्धतीवर ढकलल्या गेल्या होत्या. त्यानंतर झालेल्या कायद्याने तिथल्या सामाजिक घरमालकांना तपासणी व दुरुस्तीसाठी ठरावीक मुदती घातल्या. त्या ऑक्टोबर २०२५ पासून लागू होऊ लागल्या. महाराष्ट्रात बुरशीसाठी असा वेगळा कायदा नाही.

जो आहे तो भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचे कलम १४ पागडीच्या भाडेकरूने वाचून ठेवावे. वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीचे भाडे इतके कमी असते की ही रक्कम गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीलाही पुरत नाही. तरीही नोटीस द्यावीच, कारण नंतरच्या प्रत्येक वादात तारीख तिच्यापासून मोजली जाते. ओलीच्या रागाने भाडे थांबवणे मात्र सर्वांत महागात पडते: थकबाकीची नोटीस निघाली की त्याच कायद्याखाली घर जाण्याचा धोका उभा राहतो. मालक भाडे घेत नसेल तर धनादेश स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याची गोष्ट वेगळी. त्याचा आधार म्हणजे करारातली कलमे. मे-जूनमध्ये नुकताच रंग दिलेला फ्लॅट दाखवला गेला तर कपाटाची दारे उघडून मागचा भाग हाताने चाचपावा, भिंतींचे फोटो करारासोबत ईमेल करावेत; अनामत परत घेताना डाग कोणाचा हा प्रश्न येतोच. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप ही सोसायटीची जबाबदारी. न्हाणीघर, संडास व सिंकची गळती त्या सभासदाची. भाडेकरू सभासद नसतो, म्हणून तक्रार मालकाच्या सहीने गेलेली बरी.

बुरशी काढताना कोरडा ब्रश मारू नये, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसावे. ब्लीचमध्ये संडासाचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ओल्या भिंतीतल्या स्विचबोर्डाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. भिजून काळी पडलेली गादी टाकून द्यावी.

ओल सळयांपर्यंत पोहोचली की प्रश्न आरोग्याच्या पलीकडे जातो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते; स्लॅबचे पोपडे पडून लोखंड दिसणे हा इशारा आहे. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यात बी केबिनजवळची कृष्णा निवास इमारत मध्यरात्रीनंतर कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले; त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीची मातृछाया पडली होती. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी लावते: सी-१ तात्काळ रिकामी करायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी राहत्या अवस्थेत दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्तीची. तक्रार केली तर इमारत सी-१ ठरेल आणि खोली जाईल या भीतीने पागडीचे कित्येक भाडेकरू गप्प बसतात. पण इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून खोली सोडण्यापूर्वी तिच्या क्षेत्रफळाची मोजणी करून दाखला महापालिकेकडे मागावा आणि तो भाड्याच्या जुन्या पावत्या, वीजबिले व नोटिशीच्या प्रतीबरोबर दुसऱ्या कुणाच्या तरी कोरड्या घरात ठेवावा.