रहिमतपूर-औंध : मुक्काम कुठे करावा?

प्रश्न : वयस्कर आईवडिलांना घेऊन रहिमतपूर आणि औंध पाहायचे आहे. हॉटेल कुठे घ्यावे?

उत्तर : मुक्काम साताऱ्यातच करा. निवडीला वाव तिथेच आहे. पोहण्याचा तलाव वगैरे विसरा. लिफ्ट आहे का, खालच्या मजल्यावर खोली मिळेल का आणि नळाला दिवसभर पाणी असते का, एवढे फोनवर विचारा. शेवटचा प्रश्न उन्हाळ्यात सर्वांत महत्त्वाचा.

रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडलेली मशीद-कबर आणि जवळचा पाण्याचा मनोरा पाहा. मनोऱ्यावर पाणी चढवायला हत्ती वापरत, असे सांगतात. इथे फार वेळ लागणार नाही.

खरा वेळ औंधसाठी राखा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, शिवाय ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे शिल्पही! एवढ्याशा गावात असा संग्रह, याचे मला अजून नवल वाटते. संग्रहालय यमाई देवीच्या डोंगराच्या वाटेवर आहे. पायऱ्या झेपत नसतील तर गाडीनेच जा. साप्ताहिक सुट्टी मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या.