हिमपादुका आणि हिवाळ्यातील पर्वतमार्ग

जानेवारी महिन्यात दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरावर कधीकधी दिवसभर बारीक पाऊस पडत राहतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा पाऊस अवेळी वाटतो, परंतु उत्तर भारतात तो अवेळी नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूस निर्माण होणारे वातावरणीय विक्षोभ हिवाळ्यात इराण व अफगाणिस्तान यांवरून पूर्वेकडे सरकतात. मैदानात त्यांचा पाऊस पडून गव्हाला ओल मिळते आणि हिमालयाच्या पश्चिम भागात त्यांचेच हिम होते. लक्ष्मीबाई नगरातील गच्चीवर पडणारे पाणी आणि शिमल्यापलीकडच्या वनात साचणारे हिम ही पुष्कळदा एकाच विक्षोभाची देणगी असते.

हिम कोठे पडावे हे मुख्यत्वे उंचीवर अवलंबून असते. दर १,००० मीटर चढास हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. लक्ष्मीबाई नगराजवळच सफदरजंग येथे वेधशाळा आहे. तिची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २१६ मीटर. तेथे तापमान १४ अंश सेल्सियस असेल, तर स्थूल हिशेबाने शून्य अंशाची पातळी २,४०० मीटरांच्या आसपास येते. शिमला सुमारे २,२०० मीटरांवर असल्यामुळे या सीमेलगत पडते. तेथे एकाच दिवशी सकाळी पाऊस व सायंकाळी हिम असा प्रकार घडतो, त्याचे कारण हेच. शिमल्याच्या पुढे सुमारे ६५ किलोमीटरांवर असलेले नारकंडा गाव मात्र २,७०० मीटरांवर आहे आणि त्याच्या माथ्यावरील हाटू शिखर सुमारे ३,४०० मीटर उंच आहे. तेथे त्याच वेळी उणे सहा-सात अंश तापमान असण्याचा संभव असतो.

नारकंड्याहून हाटूपर्यंत सात-आठ किलोमीटरांचा रस्ता आहे. देवदार, रई, तोस व खर्सू यांच्या वनातून तो वर चढतो आणि शिखरावरील हाटू मातेच्या लाकडी मंदिरापाशी संपतो. उन्हाळ्यात तेथे मोटार जाते. हिवाळ्यात मोठी हिमवृष्टी झाली की रस्ता बंद होतो व पायी जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एका दिवसात जाऊन येण्याजोगी ही वाट हिमप्रवासाचे शास्त्र समजून घेण्यास फार सोयीची आहे.

ताजे हिम म्हणजे बहुतांशी हवाच होय. घरगुती बर्फाच्या एका घनमीटराचे वजन सुमारे ९१७ किलोग्रॅम भरते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचे वजन पुष्कळदा १०० किलोग्रॅमही भरत नाही. अशा हिमात बूट घालून चालणारा मनुष्य गुडघ्यापर्यंत, प्रसंगी मांडीपर्यंत रुततो आणि प्रत्येक पावलास पाय उपसून काढावा लागल्याने तासाभरातच थकतो. येथे हिमपादुकेचा उपयोग होतो. बुटाखाली बांधावयाची ही एक रुंद, हलकी चौकट असते. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लोक अ‍ॅश वृक्षाचे लाकूड वाकवून तिची कड करीत आणि कच्च्या चामड्याच्या वाद्यांनी मधला भाग विणीत. अलीकडच्या हिमपादुका अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात, परंतु तत्त्व तेच आहे.

हे तत्त्व गणिताने सहज पटते. सामानासह ७५ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य चालताना एका पायावर येतो. बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर धरल्यास दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार पडतो. हिमपादुकेचे क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर असेल तर तोच भार ६३ ग्रॅमच्या जवळ येतो, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा. कोकणातील शेतकरी चिखलावर फळी टाकून तीवरून पलीकडे जातो, तो याच नियमाचा आधार घेतो. हिमपादुका घातल्याने मनुष्य मुळीच रुतत नाही असे मात्र नव्हे. मऊ हिमात तोही वीतभर खाली जातो, आणि सर्वांत पुढे चालणाऱ्यास सर्वाधिक श्रम पडतात. म्हणून जाणते लोक पुढे राहण्याची पाळी बदलत चालतात.

चालण्याची रीत फारशी अवघड नाही. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकावे लागतात. पुढचा भाग बिजागरीसारखा हलता असतो. त्यामुळे टाच मोकळी उचलते आणि तळाचे दात चढावर पकड घेतात. उलट पावली जाऊ पाहणारा हमखास पडतो, कारण पादुकेचे शेपूट हिमात अडकते. तोसाच्या झाडाला अगदी खेटून जाणे टाळावे हे बरे. खाली झुकलेल्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती हिम कमी साचून पोकळी राहते आणि ती वरून दिसत नाही.

खरा धोका निराळाच आहे, आणि तो समजण्यासाठी हिमाच्या थरांत डोकवावे लागते. जमिनीलगत हिमाचे तापमान शून्याच्या जवळ असते, तर निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे दहा-पंधरा अंशांपर्यंत थंड होतो. थर पातळ असेल तर थोड्याशा जाडीत एवढा मोठा फरक पडतो. मग खालून वर जाणारी बाष्पे स्फटिकांवर साचतात आणि साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे दाणे तयार होतात. त्यांच्यावर नव्या विक्षोभाचे हिम पडून वाऱ्याने दाबले गेले, म्हणजे घट्ट पाट आणि त्याखाली दाणे अशी रचना होते. ज्वारीचे दाणे पसरून त्यांवर पाट ठेवावा आणि जमीन तिरपी करावी, तसाच हा प्रकार होय. असा पाट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो. ज्या हिमलोटांत माणसे सापडतात, त्यांतील बहुतेक त्या माणसांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भारानेच सुटलेले असतात.

येथे हिमपादुकेविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ती पायाखालचे हिम सांभाळते. उतार सांभाळीत नाही. माणसाचा एकूण भार तेवढाच राहतो आणि तो खालच्या दुबळ्या थरापर्यंत पोहोचतोच. शिवाय जेथे बुटांनी जाणारा दमून मागे फिरला असता, तेथवर हिमपादुका घातलेला मनुष्य सुखाने जातो. साधनाची सोय अशी धोक्याच्या दारापर्यंत नेऊन सोडते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमलोटात पंचवीसहून अधिक गिर्यारोहक मृत्यू पावले. ती उंची व तो ऋतू निराळा होता, पण गाडल्या गेलेल्या माणसाला मिळणारा वेळ सर्वत्र सारखाच अल्प असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईतो ती मिनिटे निघून जातात. सोडवू शकतात ते बरोबरचे सोबतीच.

उतार मोजण्यास उपकरण लागतेच असे नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्याव्या. एक रुतू न देता उभी धरावी, तिच्या मध्यावरून दुसरी आडवी डोंगराकडे धरावी. आडव्या काठीचे टोक उताराला नेमके टेकले, तर चढ सुमारे २७ अंशांचा आहे. काठीची पूर्ण लांबी मावली नाही, तर तो त्याहून तीव्र आहे आणि तेथे विचार करावयास हवा. असा उतार पायाखाली नसून डोक्यावर असला तरीही हेच लागू पडते. हिमालयातील हिमलोटांचा अभ्यास १९६९ पासून मनाली येथील संशोधन केंद्राने केला. २०२० मध्ये त्याचे रूपांतर झालेली संरक्षण संशोधन संस्था आता धोक्याच्या पूर्वसूचना प्रसिद्ध करते. मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला स्वच्छ दिवस सर्वांत मोहक दिसतो आणि नेमका तोच बहुधा वाईट असतो.

दुसरा हिशेब सूर्याचा. डिसेंबरअखेर नारकंड्याचा दिवस जेमतेम दहा तासांचा. ताज्या हिमात तासाला दोन किलोमीटर गती मिळाली तरी पुष्कळ झाले. म्हणजे हाटू गाठण्यास चार तास लागतात, आणि उतरण्यास वेळ कमी लागला तरी वाटेत विश्रांती असतेच. सकाळी आठ वाजता निघालेल्या मंडळींनी परतण्याची वेळ, समजा दुपारचा एक, गावातच ठरवून घ्यावी. शिखर दृष्टीस पडत असताना ती ठरविणे कोणासही साधत नाही. चढताना घाम आला तर एक वस्त्र उतरवावे, कारण भिजलेले सुती कापड थांबताच अंगातील ऊब ओढून घेते. ताजे हिम ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकते, म्हणून काळा चष्मा ढगाळ दिवशीही लागतो.

सायंकाळी सावली पडताच दुपारी मऊ झालेला पृष्ठभाग कडक होऊ लागतो आणि पादुकेचे दात त्यावर करकर वाजतात. तुडविलेल्या वाटेत आणखी एक बदल होतो. दाबलेले कण एकमेकांशी जुळून रात्रभरात घट्ट होतात, आणि दुसऱ्या दिवशी गावकरी तीवरून साध्या बुटांनी जाऊ शकतो. वारा सुटला तर भोवतालचे मोकळे हिम उडून जाते, आणि काल खोल उमटलेली पावले आज उंचवट्यांसारखी वर दिसू लागतात.