ब्रेक बरोबर लागला, मग गिऱ्हाईक घाबरलं का?

व्हिडिओत ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीचं उदाहरण घाईत सांगितलं होतं. इथे जरा सविस्तर बघू.

अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत वेमो कंपनीच्या अशा टॅक्सी चालतात. मागे बसलेल्या माणसाला सेन्सर, सॉफ्टवेअर यातलं काही कळत नाही. त्याला कळतो तो ब्रेक. त्यावरूनच तो ठरवतो, गाडीवर भरवसा ठेवायचा की नाही.

हिशोब करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ही गाडी ५ सेकंदांत थांबवली तर २५ मीटर लागतात. २ सेकंदांत थांबवली तर १० मीटर. दोन्ही वेळा ती सिग्नलच्या आत थांबली. पण दुसऱ्या वेळी जोर अडीचपट! प्रवासी मनात म्हणतो, "हिला उशिरा दिसलं वाटतं."

त्याहून वाईट म्हणजे विनाकारण ब्रेक. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. या गाड्यांत ड्रायव्हर असतो, सिस्टीम फक्त मदत करते. तक्रार काय, तर हायवेवर मध्येच ब्रेक लागतो. कारण दिसत नाही, म्हणून भीती.

वेमोने प्रवाशासमोर स्क्रीन ठेवलाय. आजूबाजूच्या गाड्या, रस्ता ओलांडणारी माणसं त्यावर दिसतात. कारण दिसलं की तोच ब्रेक काळजी वाटतो.

आता आपल्या दुकानात या. मी एका सोमवारी उधारी एकदम बंद केली. पैसे अडकले होते, निर्णय बरोबरच होता. पण आधी कुणालाच सांगितलं नाही. पाच वर्षं येणाऱ्या एका काकूंनी भरलेली पिशवी काउंटरवरच ठेवली आणि म्हणाल्या, "माझं काही चुकलं का रे?" त्या परत आल्या नाहीत. माझा ब्रेक १० मीटरवाला होता.

म्हणून भाव वाढवायचा असो, उधारी किंवा होम डिलिव्हरी बंद करायची असो, तीन गोष्टी करा:

१. आधी सांगा. निदान पंधरा दिवस.
२. कारण दाखवा, एका ओळीत.
३. टप्प्याटप्प्याने करा.

आणि समोर खरंच खड्डा असेल तर? जोरात ब्रेक मारा, पण लगेच मागे वळून सांगा का मारला ते.

आजचा होमवर्क: पुढच्या महिन्यात कुठला ब्रेक लावणार आहात, ते वहीत लिहा. आणि पहिलं कुणाला सांगणार, तेही.